स्मरणिकेसाठी दोन पानं

समितीनं सांगितलंय : मंडळीचा इतिहास, दोन पानांत.
नावं सगळ्यांची यावीत, वाद कुठलेच येऊ नयेत.
पंचाहत्तर वर्षं बसवायला घेतली
तर केवळबाई शिरसाठच
पहिलं पान अडवून बसल्यात.

जालन्याहून सेलूला मीटरगेजनं उतरल्या त्या,
पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली.
पत्र्याची ट्रंक, तीन सुरांनी मुकी झालेली बाजाची पेटी
आणि चित्रांची एक गुंडाळी.
मेंढपाळाचं चित्र पाहून पोरं म्हणाली,
"येवढी पांढरी मेंढरं?
ह्यो धनगर आपल्याकडचा न्हाई."

पहिली उपासना जिनिंगमधल्या काट्याच्या शेडात.
सरकीचा वास. हवेत कापूस.
गीत म्हणताना तोंडात तंतू जायचे,
केवळबाई कडव्याच्या मधेच थुंकायच्या
आणि सूर न सोडता पुढं जायच्या.

वहीत सात नावं. सातवं खोडलेलं.
उजेडाला धरलं तर
एक वेलांटी दिसते, बाकी शाई.

गँगमन यादोजी पारखेनं
रुळाचा हातभर तुकडा आणून बाभळीला टांगला.
साहेबानं विचारलं, चोरीचा का?
"पडला व्हता मालक. उचलून बोलता केला."
आठ दिवस बिनपगारी.
घंटा अजून तीच.

भिंती उभ्या राहायला अकरा वर्षं.
भाकरी थापायच्या आधी बाया
एक मूठ ज्वारी बाजूच्या गाडग्यात टाकायच्या.
मुठीमुठीनं दगड आला, चुना आला,
छपराला मात्र मूठ पुरली नाही.
दोन पावसाळे पाळकसाहेब छत्री धरून बोलले,
मंडळी भिजत ऐकत राहिली.
उपदेश तेव्हा आखूड असायचे.

इथवर समिती खूश होईल.

पण पेले दोन होते. हे लिहू?
वरच्या वाड्याची माणसं डावीकडं,
खालच्या वाड्याची उजवीकडं.
मेजावर एक पेला पितळी, एक जर्मनचा.
नवी नावं घेऊन आलो होतो सगळेच,
जुनी ओठांवर तशीच होती.
पाळक दोन्ही पेल्यांवर एकच आशीर्वाद म्हणत,
जरा घाईत.
माझा आजा डाव्या रांगेत.
पाठ ताठ, मला आठवते.

मग बहात्तर.
खडी फोडायला दोन्ही वाडे एका ओळीत बसले.
सुकडी वाटायला माप हवं होतं,
केवळबाईंनी न विचारता पितळी पेला उचलला.
आठ महिने तो रस्त्यावर होता.
काठ वाकला, बूड काळं पडलं,
कुणाकुणाची लेकरं त्यात तोंड घालून चाटायची.
काम सरलं तेव्हा तो परत मागायला
कुणी गेलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मेजावर एकटा जर्मनचा.
आजा उठला नाही.
दुसऱ्या महिन्यातही नाही.
तिसऱ्या महिन्यात उठला, प्याला,
डोळे मिटून, काढा घ्यावा तसा.
ह्याचा ठराव कुठल्याच वहीत नाही. मी शोधला.

आता एकशे बारा घरं.
फरशी, पंखे, साऊंड सिस्टीम.
पुण्याच्या पोरांनी पडदा पाठवला, त्यावर शब्द उमटतात,
गीतांची पुस्तकं कपाटात.
दान मोबाईलनं जातं.
फक्त अनसूया पाखरे
दर रविवारी बोर्नव्हिटाच्या डब्यात ज्वारी आणते.
खजिनदार विचारतो, मावशी, कोणत्या रकान्यात धरू?
"मूठ लिही की."
तो रकाने मोजतो.

दोन पानं कधीच संपलीत.
पेल्यांचा मजकूर अजून आहे.
फोन आला होता : तेवढं काढा,
सणाच्या दिवशी कशाला.

पेनाचं टोपण काढून बसलोय.
सातवं नाव ज्यानं खोडलं
त्यालाही कुणीतरी
असंच समजावून सांगितलं असेल.